वारावरचे विद्यार्थी

मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांतून ज्या कथा पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितल्या जातात, त्यांत वारावर जेवून विद्या केलेल्या पूर्वजाची कथा अग्रगण्य मानावी लागेल. तपशील निराळे असतात, पण कथेचा साचा बहुधा एकच. खेड्यातला एक हुशार, निर्धन मुलगा असतो. त्याचे वडील भिक्षुकी तरी करीत असतात किंवा अकाली वारलेले तरी असतात. तो एक तांब्या, एक पंचा आणि एखादे फाटके पुस्तक घेऊन शहरगावी येतो, सात घरी सात वार लावतो, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करतो, आणि पुढे वकील, मामलेदार किंवा निदान हेडमास्तर होतो. नव्या पिढीच्या वाचकांस 'वार लावणे' हा प्रकारच ठाऊक नसण्याचा संभव आहे, म्हणून सांगणे जरूर आहे की, आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका गृहस्थाच्या घरी विद्यार्थ्याने जेवावे आणि त्याबद्दल त्याच्याकडून कोणी काही घेऊ नये, अशी ही जुनी रीत होती. माधुकरी ती निराळी. माधुकरीत झोळी घेऊन दारोदार हिंडावे लागे. वारावरचा विद्यार्थी मात्र पाटावर बसून जेवे, आणि म्हणून त्याची प्रतिष्ठा माधुकऱ्याहून किंचित वरची समजली जाई.

आमच्याही घराण्यात ही कथा आहे. आमचे आजोबा कोकणातल्या एका लहानशा गावाहून वयाच्या बाराव्या वर्षी पुण्यास आले, आणि मॅट्रिक होईपर्यंत सात घरच्या अन्नावर वाढले. त्यांचा एक जुना रोजमेळ आमच्या संग्रही आहे. त्याच्या शेवटच्या पानावर सातही वारांपुढे घरधन्यांची नावे बोरूने नीट लिहिलेली आहेत. कोठे 'मागील दाराने जावे' अशी सूचना आहे. कोठे 'दहाच्या आत' अशी ताकीद आहे. एका वर्षी शनिवारपुढची जागा कोरी राहिली आहे. शनिवारी उपास करण्याची त्यांची सवय आम्ही लहानपणी पाहिली होती, आणि ती मारुतीवरील भक्तीची खूण आहे असे आम्हांस सांगण्यात येई. ही भक्ती त्याच वर्षी जडली असावी, असा आमचा तर्क आहे.

या सात नावांवरून नजर फिरविली की एक गोष्ट ध्यानात येते. ती सातही घरे एकाच ज्ञातीची आहेत, आणि बहुतेक दोन पेठांत सामावणारी आहेत. यात नवल काहीच नाही. त्या काळी दुसरे काही होणे शक्यच नव्हते. ज्या गृहिणीने विद्यार्थ्यास वाढावयाचे, तिच्या सोवळ्यास त्याचा विटाळ होता कामा नये, ही या दानाची पहिली अट होती. मुलाची हुशारी आणि गरिबी यांचा विचार त्यानंतरचा. वार लावणे ही नुसती वैयक्तिक दया नव्हती. ती एक बिनपैशाची, बिनकचेरीची, परंतु अत्यंत कार्यक्षम अशी शिष्यवृत्तीची संस्था होती. तिने सरकारचा एक छदाम न घेता कित्येक पिढ्यांचे पोषण केले. तिची थोरवी कमी करण्याची आमची इच्छा नाही. ज्या संस्थेच्या अन्नावर आम्ही अप्रत्यक्षपणे उभे आहोत, तिची निंदा करणे आम्हांस शोभणारही नाही. मात्र तिचा प्रवेशअर्ज जन्मापूर्वीच भरावा लागत असे, ही गोष्ट त्या अभिमानाच्या कथेत सहसा येत नाही.

अस्पृश्यांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळेच्या दाराविषयी पुष्कळ बोलतो, आणि ते योग्यच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, आणि पुढील काही वर्षांत महारमांगांच्या मुलांसाठीही शाळा उघडल्या. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीने महारमांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. त्या वेळी ती जेमतेम चौदा वर्षांची होती. मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या निबंधाकडे किती दीर्घकाळ पाठ फिरविली, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. त्याच सुमारास, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एका मुलाला आत घेतले तर बाकीची मुले शाळा सोडून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असा हिशेब करून मुंबई सरकारने त्याला नकार दिला. पुढे लवकरच सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींस खुल्या आहेत हे तत्त्व मान्य झाले. पण तत्त्व कागदावर राहिले, आणि मुलगा ओटीवर. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन केले, त्यात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी होती. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही तक्रार होती. आणि महारमांगांच्या मुलांस इतर मुलांच्या शेजारी बसू दिले जात नाही म्हणून त्यांच्यासाठी निराळ्या शाळा असाव्यात, असेही म्हटले होते. ज्या पुरुषाने १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्याने निराळ्या शाळा मागाव्यात, यावरून त्या काळच्या वर्गाची स्थिती काय असेल याची कल्पना करावी.

तथापि शाळेचे दार उघडले तरी प्रश्न तेथेच संपत नव्हता. गावात शाळा असलीच तर ती चार इयत्तांची. पुढे शिकावयाचे म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणे आले, आणि तेथे गेल्यावर मुलाने राहावे कोठे व खावे काय? ब्राह्मणाच्या मुलास सात घरे होती. कुणब्याच्या मुलास ती नव्हती. आणि महाराच्या मुलास तर धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी टाकण्याचीही मुभा नव्हती. सार्वजनिक पैशांवर चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात यावयास १९२३ साल उजाडावे लागले. आणि त्या ठरावाची शाई कितपत पक्की होती हे महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली दिसून आले. पुस्तके, पाटी, फी ही सर्व मागून येणारी अडचण होय. पहिली अडचण भाकरीची, आणि ती भाकरी कोणाच्या शेजारी बसून खावयाची याची.

हे मर्म ज्यांनी ओळखले त्यांत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचे नाव प्रथम घेतले पाहिजे. सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून काढलेले वसतिगृह व्यवहारात एकाच जातीचे होऊन बसते, असा अनुभव आल्यावर त्यांनी निराळा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, सारस्वत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगीच नव्हे. कोणी म्हणेल, जातिभेद मोडण्याचा हा कोणता मार्ग, ज्यात प्रत्येक जातीला निराळी चूल मांडून दिली? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु आमच्या मते महाराजांनी येथे तत्त्वापेक्षा भुकेला अग्रपूजा दिली. ज्या ज्ञातीपाशी वारांची सात घरे नव्हती, तिला त्यांनी एक मोठे घर बांधून दिले. आणि मने थोडी तयार होताच, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करणाऱ्या याच राजाने १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळांत बसविण्याचा हुकूम काढला. १८८२ साली जी निराळी शाळा न्यायाची मागणी होती, ती ३७ वर्षांनी अन्यायाची खूण ठरली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या, हे ज्याला उमगत नाही त्याने सुधारणेचा इतिहास लिहू नये.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाशी निगडित अशी एक हकीगत सांगतात. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहातला एक आडदांड विद्यार्थी त्या समारंभास गेला, आणि परत आल्यावर स्नान केल्याखेरीज पंक्तीस बसू देणार नाही असे सांगताच त्याने स्नान करण्याचे साफ नाकारले. त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. पुढे ज्याने हजारो मुलांस एका पंक्तीस बसविले, तो स्वतः पंक्तीवरून उठविलेला होता. १९१० साली दूधगावी त्यांनी विद्यार्थ्यांची पहिली सोय केली. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. आणि १९२४ साली साताऱ्यास येऊन असे वसतिगृह चालविले की, ज्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांची चूल एक आणि पंगत एक. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पैसा कोठून येई? मुले स्वतः राबत, खेड्यांतून मुष्टिफंड जमे, म्हणजे दळणकांडण करणारी बाई रोजच्या धान्यातून एक मूठ बाजूला काढून ठेवी. आणि जेव्हा काहीच जमेनासे होई, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे दागिने बाजाराची वाट धरीत. अखेरीस मुलांच्या जेवणासाठी त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांचे पुतळे गावोगाव आहेत, आणि ते असावेतच. पण आम्हांस राहून राहून वाटते की सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने परजातीच्या पोरांना मांडीशी घेऊन वाढले, हे काम व्याख्यानांहून अवघड होते.

तेच विठ्ठल रामजी शिंद्यांच्या भगिनी जनाक्का यांचे. शिंद्यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, परळास शाळा सुरू केली, आणि या मुलांमध्ये जाऊन राहण्याचे व त्यांचे न्हाऊमाखू पाहण्याचे काम घरच्या बायकांनी पत्करले. भाषणे छापून येतात. वरवंट्याचा आवाज छापता येत नाही.

डॉक्टर आंबेडकरांच्या कार्यातही वसतिगृहाचे स्थान वाटते त्याहून मोठे आहे. साताऱ्याच्या शाळेत आपण वेगळ्या तरटावर बसत होतो, आणि शिपायाने नळ सोडल्याखेरीज तहान भागत नव्हती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. ज्याला पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली, त्याने पुढे कॉलेजे उभारली हे सर्वांस ठाऊक आहे: १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादचे, पुढे मिलिंद नावाने गाजलेले महाविद्यालय. परंतु त्याच्या वीस वर्षे आधी, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली तेव्हा तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत १९२५ सालचे सोलापूरचे वसतिगृह होते. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या विद्वानाला प्रारंभ कोठून करावा हे नेमके कळत होते.

आमचे एक स्नेही सातारा जिल्ह्यातल्या अशाच एका बोर्डिंगात शिकले. पुढे ते हेडमास्तर झाले आणि आता निवृत्त आहेत. आजोबांच्या रोजमेळातले ते पान आम्ही त्यांस दाखविले, तेव्हा त्यांनी ते फार आदराने पाहिले, मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या आजोबांना शनिवार मिळाला नाही. आमच्या आजोबांना सोमवारसुद्धा मिळाला नसता." यात कडवटपणा नव्हता, हिशेबाच्या वहीत राहून गेलेली एक रक्कम दाखवून द्यावी तसे ते बोलले. मग त्यांनी आपल्या पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितली. गावच्या लग्नात त्यांच्या लोकांची पंगत सर्वांची जेवणे उरकल्यावर, मांडवाबाहेर पडत असे. त्या सवयीने ते ताटली घेऊन दाराशी जाऊन बसले. स्वयंपाकावर देखरेख करणारा मोठा मुलगा आला, दंडाला धरून त्याने त्यांना उठविले आणि रांगेच्या मधोमध दोघांच्यामध्ये कोंबले. भाषण नाही, समजूत नाही. "सरक रे," एवढेच शेजाऱ्याला म्हणाला. महिनाभरात त्यांची भाकरी थापण्याची पाळी आली. घरी भाकरी आई करी; यांना पीठ मळणेही ठाऊक नव्हते. एक भाकरी जळली, दुसरी कच्ची राहिली, आणि आमटीत मीठ दुप्पट पडले. पंक्तीत एका पाटलाचा मुलगा होता. त्याने पहिला घास घेतला आणि तो ओरडला, "खारट केलीस की लेका!" आमचे स्नेही म्हणाले, "अहो, त्याने मिठाचीच तक्रार केली. फक्त मिठाची. मी रात्री पांघरुणात तोंड घालून रडलो, ते काही वाईट वाटून नव्हे."

येथे आम्हांस सहभोजनांच्या चळवळीची आठवण होते. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सत्यनारायण चालू केले. अस्पृश्य दांपत्याच्या हातून पूजा करवून झुणका-भाकरीचा प्रसाद वाटण्याची त्यांची युक्ती मोठी मार्मिक होती, कारण तिने सनातन्यांस त्यांच्याच व्रतात गाठले. गद्र्यांच्या तळमळीविषयी आम्हांस शंका नाही. पण सहभोजन हे एका दिवसाचे असते. तेथे प्रत्येकजण आपण कोणाशेजारी बसलो आहोत हे मनात धरूनच बसतो, आणि घरी जाऊन सांगतो. वसतिगृहात ते रोज दोन वेळा घडते, आणि पंधरा दिवसांत आमटी पातळ की घट्ट हा प्रश्न शेजारी कोण या प्रश्नाला मागे टाकतो. जातीचा विचार युक्तिवादाने जितका हटत नाही तितका तो कंटाळ्याने हटतो, असे आमचे निरीक्षण आहे. ते कोणास थट्टेचे वाटल्यास आमचा इलाज नाही.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाचा पुष्कळ भाग सरकारने उचलला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ सालीच, डॉक्टर आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली होती. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५१ सालच्या पहिल्या दुरुस्तीने शिक्षणात मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा राज्याचा अधिकार स्पष्ट केला. त्यावर आमच्या वर्गात जे बोलले जाते ते वाचकांस सांगावयास नको. लग्नकार्याच्या पंगतीत, श्रीखंड वाढले जात असता, 'त्यांना सगळे फुकट' हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहो. आणि बहुधा त्याच पंगतीत, मठ्ठा येईतो, कोणाच्या तरी आजोबांच्या वारांची कथाही होते. या दोन वाक्यांची एकमेकांशी ओळख कोणी करून देत नाही. आमच्या आजोबांनी सुमारे सहा वर्षे रोज दुसऱ्याचे अन्न खाल्ले. त्याला कोणी सवलत म्हटले नाही, त्यांच्या गुणवत्तेविषयी कोणी संशय घेतला नाही. उलट ते अन्न त्यांच्या गुणवत्तेचाच पुरावा ठरले. सरकारी वसतिगृहातल्या मुलाचे अन्न मात्र त्याच्या गुणवत्तेविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. भात तोच, वरण बहुधा त्याहून पातळ. फरक आहे तो इतकाच की एक अन्न ज्ञातीने आपल्या मुलास दिले, आणि दुसरे राष्ट्राने आपल्या मुलास.

स्वयंपाकघराचा प्रश्न सुटला, असेही समजण्याचे कारण नाही. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला; आणि २००४ साली, स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांतील व्यक्तींस प्राधान्य द्यावे असेही सांगितले. हा दुसरा आदेश देणाऱ्यांस भाऊरावांचे साताऱ्याचे वसतिगृह ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण विचार त्याच जातीचा आहे. येथे 'जात' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. दलित बाईने रांधले म्हणून मुलांना डबे देऊन पाठविल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यानंतरही येत राहिल्या आहेत.

मोठ्या मुलांची गोष्ट निराळी. वसतिगृहांत जागा पुरत नाहीत, म्हणून महाराष्ट्र सरकारने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या खात्यात निवास, भोजन आणि निर्वाह यांसाठी ठराविक रक्कम जमा करावी, अशी ही व्यवस्था. कल्पना चांगली आहे. पण पैसे खात्यात जमा झाले तरी खोली कोणाच्या तरी घरात घ्यावी लागते, आणि घराला घरमालक असतो. आमच्याच गल्लीत दोन वर्षांमागे जून महिन्यात दोन मुले खोली पाहावयास आली. लातुराकडची, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची, नीटनेटकी. मालकांनी खोली दाखविली, भाडे सांगितले, नळाची वेळ सांगितली. मग नाव विचारले, नंतर आडनाव, नंतर गाव, नंतर पुन्हा आडनाव. खोली कालच दिली गेली असल्याचे त्यांना त्याच क्षणी आठवले. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी दिवाळीपर्यंत फाटकावर होती.

ती मुले आमच्या हेडमास्तर स्नेह्यांच्या माडीवर राहतात. भाडे ते घेतात. मुलांना पैसे येतात, तेव्हा न घेण्याचे कारण नाही असे म्हणतात. रविवारच्या जेवणाचे मात्र काही घेत नाहीत.